तळ्यावरची हिरवी साय

परवा फोनवर तुम्ही दोघांनी आजोबांना तळं दाखवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी फोन फिरवून केळीचा घड दाखवला. तुम्ही पुन्हा म्हणालात, तर गाय दाखवली. तिसऱ्यांदा त्यांचा कान दिसला, पण तो चुकून. मग "रेंज गेली" असं ओरडून त्यांनी फोन बंद केला. रेंज गेली नव्हती. आमच्या मळ्यात इतकी चांगली रेंज आहे की शेजारचे लोक भांडायचे फोन करायला आमच्या बांधावर येतात.

तर तळ्याचं काय झालं ते मी सांगते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला वाचायला सोपं गेलं असतं, पण इंग्रजीत ही हकीकत अहवालासारखी वाटेल आणि त्यात आजोबा फारच शहाणे दिसतील. मराठीतच वाचा. अडलं तर आईला विचारा. तिचे बाबाही यात आहेत, त्यामुळे ती मधला काही भाग गाळायला बघेल. गाळू देऊ नका.

गोंधळ नको म्हणून आधीच सांगते. तुमचे इथले आजोबा, म्हणजे माझे यजमान, त्यांना मी नुसतं आजोबा म्हणेन. आईचे बाबा, जे जन्मभर कागदाच्या मिलमध्ये लगदा विभागात होते, ते मिलआजोबा. दोघे एकमेकांचे व्याही आहेत, आणि दोघे एकत्र आले की घरात माझ्याशिवाय मोठं माणूस उरत नाही.

सुरुवात डॉक्टरांपासून होते. थंडी संपता संपता आजोबांना धाप लागायला लागली. बुऱ्हाणपुरातल्या शनवाऱ्याजवळच्या आपल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, हिमोग्लोबिन फार कमी आहे, ते वर आल्याशिवाय एवढा लांबचा विमानप्रवास करायचा नाही. आजोबांनी तोवर नवी बॅग आणली होती. तुमच्याकडच्या थंडीसाठी स्वेटर, कानटोपी, पायमोजे, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने भरलं होतं, आणि बॅग पलंगाखाली न ठेवता दारापाशी उभी केली होती. डॉक्टरांकडून आल्यावर ती बॅग त्यांनी हलवली नाही. फक्त तिच्याकडे बघणं सोडलं. मी केर काढताना ती सरकवली की म्हणायचे, "राहू दे तिथेच."

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. मी बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू केले. आजोबांनी स्वतःच्या मनाने मावा जिलेबीतही लोह असतं असं जाहीर केलं आणि ते सिद्ध करायला दोनदा शहरात जाऊन आले. रक्त काही वाढेना.

आता तळं. ठिबकासाठी आपलं प्लास्टिक अंथरलेलं शेततळं आहे, ते तुम्ही पाहिलं आहे. केळीला खत द्यायचं तर ते एका छोट्या टाकीत विरघळवून, एका बारीक नळीने ठिबकाच्या पाण्यात ओढायचं असतं. ती नळी सारखी तुंबते. यंदा ती तुंबली तेव्हा आजोबांनी ती काढून बांधावर फेकली आणि युरियाची पोती आणि स्फुरदाचं खत थेट तळ्यात ओतलं.

"अहो, हे काय?" मी विचारलं.

"एकेका झाडाला काय भरवायचं? अख्ख्या तळ्यालाच जेवू घातलं. आता पाणी सोडलं की खत आपोआप."

त्याच सुमाराला विहिरीवरची मोटर जळाली आणि वाइंडिंगला गेली. त्यामुळे तळ्यात ताजं पाणी पडणं बंद झालं. पाणी एका जागी उभं, वर बुऱ्हाणपूरचं चैत्रातलं ऊन, आणि पोटात पोत्याने खत. पंधरवडाही गेला नसेल, तळं हिरवं व्हायला लागलं. आधी फिकट, मग मटारच्या उसळीसारखं, आणि मग एका सकाळी वर चक्क साय धरली. वाऱ्याने ती एका कोपऱ्यात गोळा व्हायची आणि तिथे कोणी हिरवा ऑइल पेंट सांडल्यासारखी दिसायची. तुम्ही फोनवर पाहून "वॉव, सो ग्रीन" म्हणालात ते तेव्हाच. आजोबांची छाती त्या दिवशी फुगली ती कित्येक दिवस तशीच होती.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. आमच्या वेळच्या पुस्तकात या प्रकाराला निळे-हिरवे शैवाल म्हणायचे. आता ते जिवाणूंच्या घराण्यात घातलेत. मी आजोबांना सांगितलं की या पाण्याला हात लावू नका, गाईला पाजू नका. गाईचं पाणी मी त्याच दिवसापासून बोअरवेलचं केलं. एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण मिलआजोबा आले.

ते दर उन्हाळ्यात येतात. आले, चहा घेतला, तळ्यावर गेले आणि काठावर उकिडवे बसून राहिले. मग बोटाने साय उचलून अंगठ्यावर चोळली आणि म्हणाले, "व्याही, ये तो सोना है."

"काय?"

"स्पिरुलिना! माझ्या मोबाइलवर रोज येतं. कॅप्सूल करून विकतात हे लोक. रक्त वाढतं. लोह, प्रोटीन, सब कुछ. आणि तुमच्याकडे फुकट तरंगतंय!"

आजोबांनी एकदा तळ्याकडे पाहिलं आणि एकदा घराकडे, जिथे दारात बॅग उभी होती. मला तेव्हाच कळलं की आता हे माझं ऐकणार नाहीत.

दुसऱ्या दिवशी उत्पादन सुरू झालं. मिलआजोबांनी लाकडी चौकटीवर मच्छरदाणीचं कापड ताणून चाळणी केली. लगद्यातून कागदाचा ताव उचलतात तशी ती चौकट सायीखाली घालायची, हळूच वर घ्यायची, पाणी निथळू द्यायचं आणि ताव उलटा करून कापडावर पालथा घालायचा. आणि वाळत कुठे घालायचा, तर माझ्या गच्चीवर! तिथे माझ्या कुरडया होत्या, पापड होते, ज्वारीचे सांडगे होते. प्रत्येकाची जागा ठरलेली होती, मध्ये चालायला वाट होती. सकाळी वर गेले तर कुरडयांना लागून हिरव्या तावांची रांग, आणि मिलआजोबा एक ताव सूर्यासमोर धरून त्यातून बघतायत.

"विहीणबाई, बघा. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. मिलमध्ये असा ताव आला असता तर साहेबांनी पेढे वाटले असते."

"माझ्या कुरडया खाली घ्या आधी."

"कुरडया कुठे जातायत? देखो तो सही."

वाऱ्याने त्या तावांची पूड कुरडयांवर आली असेल म्हणून मी त्या शेजारच्या सगळ्या कुरडया फेकल्या. हे नुकसान मी अजून विसरलेले नाही.

संध्याकाळी दोघांना ओसरीवर बसवलं आणि शिकवायला घेतलं. इथे माझं चुकलं असं नाही, पण माझं हरणं इथेच ठरलं. कारण मी खरं सांगितलं.

मी म्हटलं, "तळ्यातली साय म्हणजे स्पिरुलिना नव्हे. यातले काही प्रकार विष तयार करतात. ते यकृतावर जातं. उकळून जात नाही, वाळवून जात नाही."

"म्हणजे हे विषारी आहे?" आजोबांनी विचारलं.

"असू शकतं."

"आहे की नाही?"

"ते नुसतं बघून सांगता येत नाही. एकाच सायीत विष करणारे आणि न करणारे शेजारी शेजारी असतात. आणि करणारेसुद्धा नेहमी सारखंच करत नाहीत. ऊन किती, पाणी किती तापलंय, हलतंय की उभं आहे, नत्र किती मिळालं, स्फुरद किती मिळालं, यावर ते कमी-जास्त होतं."

आजोबांनी व्याह्यांकडे विजयी नजरेने पाहिलं. "बघा. हिलाही माहीत नाही."

"माहीत नाही म्हणूनच खायचं नाही ना!"

"माहीत नसलेल्या गोष्टी खाल्ल्या नसत्या तर लग्नानंतर पहिलं वर्षभर मी उपाशी राहिलो असतो."

मिलआजोबा हसता हसता खुर्चीवरून घसरले. मी चिडले नाही. मुलांना न समजणारी गोष्ट ओळखीच्या उदाहरणाने सांगायची, हा माझा जुना नियम. मी म्हटलं, "माझ्या नणंदेचं, ताईंचंच घ्या. थंडीत येतात तेव्हा किती गोड बोलतात. आणि मे महिन्यात, घर तापलेलं, खायला भरपूर, पंखा बंद, कोणी बाहेर जायला तयार नाही, अशा वेळी? बाई त्याच. पण वातावरण बदललं की—"

"माझ्या बहिणीला शेवाळ म्हणतेस?"

विषय तिथून जो ताईंकडे गेला तो परत आलाच नाही.

माझी एक जुनी विद्यार्थिनी कॉलेजात शिकवते. तिच्याकडे बाटलीत नमुना पाठवला. तिने सूक्ष्मदर्शकाखाली पाहून फोटो धाडला आणि कळवलं की मॅडम, स्पिरुलिना अजिबात नाही. स्पिरुलिनाची दोरी स्प्रिंगसारखी पिळलेली असते, हे तर गोल गोल पेशींचे पुंजके आहेत, यांच्यापासून लांब राहा. विष आहे का हे मोजायची सोय मात्र तिच्याकडे नव्हती. मी फोटो आजोबांपुढे धरला.

"पिळलेली नाही म्हणून काय झालं?" ते म्हणाले. "कुरडईचा पीळ सुटला तरी ती कुरडईच."

कुरडयांचा विषय त्यांनी काढायला नको होता.

आता माझ्यापुढे प्रश्न हा, की हे दोघे पहिला डोस कधी घेणार. चोवीस तास पहारा करणं मला शक्य नव्हतं. ताव फेकले असते तर तळ्यात माल भरपूर होता. तेव्हा मी विज्ञान बाजूला ठेवलं आणि आखाजी काढली.

तुमच्या कॅलेंडरात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात. आपल्याकडे त्या दिवशी घागर पुजायची, पितरांना पाणी द्यायचं, आणि आमरस-पुरणपोळीचा नैवेद्य दाखवायचा. तोवर घरात कोणी आंबा चाखत नाही. आजोबा यात फार कडक. लहानपणी तुमच्या बाबांनी आखाजीच्या आधी झाडाखाली पडलेला आंबा चोखला होता, तर आजोबांनी पितरांची माफी मागितली होती, मोठ्याने, विहिरीपाशी उभं राहून.

मी साधेपणाने म्हटलं, "तळ्यातलं नवीन पीक आहे. आखाजी तोंडावर आली. पितरांच्या आधी तुम्ही खाणार?"

आजोबांनी विहिरीकडे पाहिलं. मिलआजोबा म्हणाले, "ये दवा है, पीक नाही."

"माझ्या जमिनीत आलं म्हणजे पीकच," आजोबा म्हणाले. जमिनीचा विषय निघाला की त्यांना कोणाचीच भीड राहत नाही. "आखाजीला पानावर वाढू. मग खाऊ."

मला थोडा वेळ मिळाला. त्यात काय करायचं हे मात्र खरंच सुचलेलं नव्हतं. आखाजीच्या दिवशी जेवायला बसले की ताट हातातून हिसकावून घ्यायचं, एवढीच योजना होती. या वयात शोभत नाही, पण माणूस गमावण्यापेक्षा बरं.

आखाजीला ताई माहेरी आल्या. घरात रस, पुरण, तळण, सगळा घमघमाट. कडुनिंबाखाली घागर मांडली. आजोबा धोतर नेसून तयार. पूजा झाली, नैवेद्याची पानं वाढली, आणि प्रत्येक पानाच्या डाव्या बाजूला, जिथे चटणी असते तिथे, मिलआजोबांनी कात्रीने कापलेला एकेक हिरवा चौकोन ठेवला. ताईंनी विचारलं, "ही काय नवीन कोथिंबीर वडी?" मिलआजोबा घाईने पुढच्या पानाकडे वळले.

पहिलं पान गाईचं. आजोबांनी ते उचललं आणि गोठ्याकडे निघाले. मी मागे, माझ्यामागे ताई, मिलआजोबा नैवेद्याचं ताट धरून सर्वांत शेवटी.

आपली गाय तुम्हाला माहीत आहे. तिला अमुक आवडतं आणि तमुक नाही असं काही नसतं. ती केळीची सालं खाते, गोणपाट खाते, मागे तिने मिलआजोबांचा पेपर चष्म्याच्या घरासकट चघळला होता. त्यात यंदा ती गाभण. आजोबांनी पान पुढे केलं. पुरणपोळी जिभेच्या एका फटक्यात गेली. रस गेला. मग ती खरखरीत जीभ हिरव्या चौकोनाकडे वळली.

आजोबांनी चौकोन झटकन उचलला.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे नको हिला."

"का? रक्त वाढतं ना?"

"तिचं रक्त चांगलं आहे."

"मग आणखी चांगलं होईल."

"गाभण आहे गं ती!"

गाईला हा वाद मान्य नव्हता. ठेवलेली वस्तू आपल्या पानावरून उचलली, एवढंच तिला कळलं. तिने मान लांबवली. आजोबांनी हात वर केला. तिने दाव्याला हिसका दिला, आणि खुंटा उन्हाने भेगाळलेल्या जमिनीतून गाजरासारखा वर आला. मग पुढे आजोबा, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात डोक्यावर धरलेला हिरवा चौकोन, आणि मागे आखाजीची पुरणपोळी खाऊन जोर आलेली गाय. कडब्याच्या गंजीभोवती एक फेरी झाली, दुसरी झाली. त्या माणसाला डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. आणि धापा टाकत ते ओरडत होते, "अगं नको! सोड! मरशील! विष आहे ते, विष!"

आमच्या मळ्यातली रेंज चांगली आहे हे मी सांगितलंच. आवाजही दूर जातो. शेजारच्या बागेतून कोणीतरी विचारलं, "भाऊ, काय झालं? साप निघाला का?"

ताईंनी दावं धरलं, मी गाईपुढे ढेपेचं टोपलं सरकवलं, आणि ती थांबली. आजोबा गंजीला टेकून उभे राहिले. त्यांच्या ओरडण्याचा अर्थ त्यांना स्वतःला तेव्हा कळला असावा, कारण डोक्यावरचा हात खाली आणून ते त्या चौकोनाकडे बघायला लागले. मिलआजोबांनी ताटावर हळूच केळीचं पान झाकलं.

ताई म्हणाल्या, "दादा, गाईला विष आणि आम्हाला नैवेद्य? मला आखाजीला बोलावलं होतंस की संपवायला?"

मे महिना जवळ आला होता, ऊन होतं, पंखा नव्हता. मी आजोबांकडे पाहिलं. ताईंबद्दलचं माझं उदाहरण त्यांनाही आठवलं असावं, कारण ते इतक्या दमलेल्या अवस्थेतही हसू दाबत होते.

मग ते खाली बसले. पाणी दिलं ते प्याले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "मला जायचं होतं गं. पोरांकडे. उगाच नाही करत होतो."

"मला माहीत आहे," मी म्हटलं. "पण गाईला जे चालत नाही, ते त्यांच्या आजोबांना कसं चालेल?"

त्यांनी रिकामा तांब्या उपडा घातला. मिलआजोबांना शांतता सहन होत नाही. ते म्हणाले, "विहीणबाई, मला एक समजत नाही. व्याही गोळ्या तर टाइमावर घेतात. मी स्वतः बघतो. रोज शेडमध्ये, चहासोबत."

"कशासोबत?"

"चहा. कडक."

मी डोक्याला हात लावला. गोळी शेतावर घेतो, डबीत बरोबर नेतो, असं आजोबा सांगायचे आणि मला कौतुक वाटायचं. लोहाची गोळी कडक चहाबरोबर घेतली की चहा त्यातलं बरंचसं लोह अंगी लागू देत नाही. त्या दिवसापासून गोळी माझ्यासमोर, लिंबाच्या सरबताबरोबर, आणि चहा नंतर बऱ्याच वेळाने. आजोबांच्या मते हा छळ आहे.

पितरांची पानं मी नव्याने वाढली. हिरवा चौकोन एकाही पानावर नव्हता, आणि रसाला कोणी नावं ठेवली नाहीत.

तळं साफ करायचं म्हटल्यावर मिलआजोबांचा उत्साह पुन्हा वर आला. "मोरचूद टाका. एक दिन में सब खल्लास." मी सांगितलं की एकदम मारलं तर मरताना त्या पेशी फुटतात आणि पोटातलं असेल नसेल ते सगळं पाण्यात सांडतं. या वेळी कोणी "सांडतं की नाही?" असं विचारलं नाही. हातमोजे घालून त्याच चाळण्यांनी साय काढली आणि दूर खड्डा करून पुरली. खताची नळी बांधावरून शोधून आणली, धुतली, परत बसवली. विहिरीवरची मोटर आली आणि तळ्यात पुन्हा धबाधबा पाणी पडू लागलं. उपासमार, हालचाल आणि ताजं पाणी यापुढे ती साय फार टिकली नाही. आता तळं पाणचट चहासारखं दिसतं. तुमचे आजोबा ते तुम्हाला दाखवत नाहीत, कारण तुम्ही "वॉव" म्हणणार नाही.

मात्र एवढं झाल्यावरही ते म्हणतात, "ते विषारी होतं हे सिद्ध कुठे झालं?" आणि झालेलं नाहीच. मला ते कबूल करावं लागतं, मग ते त्या दिवशी जेवताना जरा जास्त भात घेतात.

मागच्या आठवड्यात रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन चढतंय. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पुढच्या तपासणीनंतर तिकीट काढायला हरकत नाही. घरी येऊन आजोबांनी बॅग उघडली, सगळं बाहेर काढलं आणि पुन्हा भरायला घेतलं. घड्या मी नीट करत होते, तर दोन स्वेटरांच्या मधून एक हिरवा ताव निघाला. प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कडेने चिकटपट्टी लावलेला.

मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"खायला नाही," ते घाईने म्हणाले. "पोरांना दाखवायला. ताव खरंच सुरेख आला होता, तूच सांग."

सुरेख आला होता. मी तो उजेडासमोर धरून पाहिला. कुठे जाड नाही, कुठे पातळ नाही. मग फोनवर त्याचा एक चांगला फोटो काढला, तुम्हाला पाठवला आहे, आणि ताव खड्ड्यात नेऊन पुरला. हात साबणाने धुतले.

तेव्हा पुढच्या वेळी फोन केलात की तळं दाखवा म्हणू नका. बॅग दाखवा म्हणा. ती ते लगेच दाखवतील, आणि रेंजही जाणार नाही.